ए एक्स ई एस दिसलं की आधी शेजारचे शब्द बघ

अगं, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं, इंग्रजी मॅन्युअल भाषांतराला घेतलंस ना, मग हे आत्ताच सांगते, ए एक्स ई एस असं स्पेलिंग दिसलं की लगेच टाइप करू नकोस, कारण ते दोन शब्दांचं अनेकवचन आहे, अॅक्स म्हणजे कुऱ्हाड आणि अॅक्सिस म्हणजे अक्ष. बोलताना कळतं, कुऱ्हाडींचा शेवट आखूड, अॅक्सिझ, अक्षांचा लांब, अॅक्सीझ, पण कागदावर उच्चार कुठे दिसतो. एक्स, वाय, झेड किंवा रोटरी असं काही जवळ असलं की अक्षच. माझ्याकडे तपासायला एक फाइल आली होती, सॉफ्टवेअरने केलेली, त्यात चक्क 'तिन्ही कुऱ्हाडी शून्यावर आणा', आता मशीनवर उभ्या माणसाने यातून काय समजायचं सांग?

'फाइव्ह अॅक्सिस मशीन'मध्ये इंग्रजीत एकवचनच राहतं, मराठीत मात्र 'पाच अक्षांचं मशीन' कर. आणि हो, बी ए एस ई एस या स्पेलिंगचं पण तसंच, एक बेस म्हणजे तळ, दुसरं बेसिस म्हणजे आधार.

शॉपफ्लोअरवर 'अक्ष' फारसं कोणी म्हणत नाही गं, अॅक्सिसच म्हणतात, तेव्हा कोणता शब्द ठेवायचा ते सातपूर-अंबडच्या एखाद्या ऑपरेटरदादांना विचारूनच ठरव.