प्रोजेक्ट विकत घेतला, आता मुलाखतीत काय सांगू?

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली मुलं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, तेव्हा फिरूनफिरून एकच काळजी बोलून दाखवतात. मार्क आहेत, सर्टिफिकेट आहे, पण हातानं काही उभं करता येत नाही. मग आणखी एक कोर्स करावा का? गेल्या वर्षी अमळनेर तालुक्यातला एक मुलगा वडिलांसोबत जळगावला आला होता. त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्याची गोष्ट सांगते.

वडील कापूस लावणारे. बसल्याबसल्या म्हणाले, "ताई, पोऱ्या पास व्हयना, तरी म्हनस माले काहीच येत नही. आते काय करानं?" म्हणजे पोरगा पास झाला, तरी मला काहीच येत नाही म्हणतो, आता काय करायचं? पुण्यातल्या एम्बेडेड कोर्सची (यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचं काम शिकवणारा कोर्स) फी भरायला ते तयार होते, कापसाचे पैसे आले की. मुलगा खाली मान घालून बसला होता.

वडील चहाला बाहेर गेल्यावर तो मोकळा झाला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांनी पैसे काढून तयार आणला होता. जमिनीतला ओलावा बघून पंप चालू-बंद करणारा बॉक्स. त्यात पंपासाठी रिले होता, म्हणजे तारेच्या कॉइलनं चालणारा स्विच. तोंडी परीक्षेत तो चालला, मार्कही मिळाले. पहिल्याच मुलाखतीत मात्र समोरच्यानं विचारलं, "रिलेच्या कॉइलला डायोड कशाला लावलाय?" डायोड म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा घटक. पण तो तिथे का, याचं उत्तर याला आलं नाही. त्यानंतर त्यानं कुठेच अर्ज केला नव्हता.

अशा मुलाला "आत्मविश्वास ठेव" म्हणून काही होत नाही. त्याची भीती खरी होती. त्याला येत नव्हतं आणि ते त्याला माहीत होतं. म्हणून फी भरायचं थोडं लांबवायला सांगितलं आणि आधी तो बॉक्स उघडायला लावला. घटक कुठून कुठे जोडलेत ते बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा बघत कागदावर काढायचं, एवढंच काम. पुढच्या वेळी आला तेव्हा डायोडचं उत्तर स्वतःहून सांगितलं: रिले बंद होताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज उसळतो, डायोड त्याला वाट देतो, नाहीतर रिले चालवणारा ट्रान्झिस्टर जातो. आवाजात फरक होता.

मग विचारलं, घरात रोज कशाचा त्रास होतो? म्हणाला, नळाचा. पाणी काही दिवसांआड येतं आणि वेळेचा भरवसा नाही, आजी रात्री जागी राहते. मी म्हटलं, पाणी आलं की मेसेज जाईल असं काहीतरी कर. घरातल्या मेन लाइनच्या विजेला हात लावायचा नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालेल एवढंच.

त्यानं आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, पाण्याचा प्रवाह मोजणारा वायएफ-एस201 हा फ्लो सेन्सर आणि सिम टाकून मेसेज पाठवणारं सिम800एल हे जीएसएम मॉड्यूल घेतलं. हे मॉड्यूल जुन्या 2जी नेटवर्कवर चालतं, जे जिओकडे नाही, त्यामुळे जिओचं सिम चालत नाही. हेही त्याला घेतल्यावर कळलं. जोडणी झाली, पण मेसेज पाठवायच्या क्षणी मॉड्यूल बंद पडून परत सुरू व्हायचं. मल्टिमीटरवर 4 व्होल्ट बरोबर दिसायचे. तो पार वैतागला होता.

इथे मी एक वही ठेवायला सांगितली. काय झालं, मला काय वाटतं, काय मोजलं, काय निघालं. सर्किटमध्ये माझं काही चालत नाही, पण घाबरलेल्या माणसाला मोजायला लावलं की तो सावरतो, हे मी खूपदा पाहिलंय. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, त्याला सापडलं की मेसेज पाठवताना हे मॉड्यूल क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तो क्षण इतका छोटा की मल्टिमीटरला दिसतच नाही. जुन्या कॉलेजातल्या सरांनी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावू दिला आणि व्होल्टेज कोसळताना त्यानं डोळ्यांनी पाहिला. मॉड्यूलला वेगळा सप्लाय दिला, पिनांजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, जो वीज साठवून त्या क्षणी पुरवतो. रीस्टार्ट थांबलं.

खरी मजा पुढे आली. मेसेज आला, आजी हंडे घेऊन धावली आणि नळ कोरडा. पाण्याआधी पाइपातून हवा येते आणि तीही सेन्सरची चक्री फिरवते. हा सेन्सर मिनिटाला 30 लिटरपर्यंत मोजतो. चक्री फिरली की तो विजेचे ठोके, म्हणजे पल्स देतो: दर लिटर-प्रतिमिनिटाला सेकंदाला साडेसात पल्स, म्हणजे जास्तीत जास्त 225. हवेनं पल्स त्याहून वर उसळत होते. त्यानं प्रोग्रॅम बदलला: पल्स मर्यादेत राहून मिनिटभर टिकले तरच मेसेज. हे कुठल्याही तयार बॉक्ससोबत मिळालं नसतं. डिझाइन करणं म्हणजे काय, ते त्याला त्या कोरड्या नळापाशी कळलं असं मला मनापासून वाटतं.

कोर्सला माझा विरोध नाही. फी भरण्याआधी तिथे जाऊन बघा: प्रत्येकाला स्वतःचा बोर्ड मिळतो का, सोल्डरिंग स्वतः करावं लागतं का, मुद्दाम बिघाड घालून शोधायला लावतात का, पीसीबी (घटक बसवायचा छापील सर्किट बोर्ड) काढून, बनवून, त्यावर घटक लावून घेतात का. नुसतं स्क्रीनवर दाखवत असतील तर पैसे राखून ठेवा. डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएस या केंद्र सरकारच्या योजनेची वर्षभराची शिकाऊ उमेदवारी आहे. तिथे विद्यावेतन मिळतं आणि रोज हात चालतो. दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हा रस्ता आपल्या भागात कमी लेखला जातो याचं मला वाईट वाटतं.

पुढच्या मुलाखतीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर काय सांगू, हे त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, तयार आणला होता म्हणून सांग आणि नंतर वही पुढे कर. त्यानं तसंच केलं. समोरच्यांनी हवेच्या पल्सबद्दल बराच वेळ खोदून विचारलं. आता तो एका कंपनीत शिकाऊ म्हणून टेस्टिंगला आहे. विद्यावेतन फार नाही, आणि वडिलांची "पर्मनंट कधी?" ही विचारणा चालू आहे. पुण्याच्या कोर्सचं नाव त्यानं काढलेलं नाही. सध्या पीसीबी डिझाइन शिकायचंय म्हणतो, आणि त्याची फी तो स्वतःच्या पैशातून भरणार आहे.