शृंगारिक म्हणावं, कामुक म्हणावं की चावट?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी एक अनुवादित इरॉटिक रोमान्स कादंबरी वाचली, ती आवडलीही. मित्रमंडळींसाठी अभिप्राय लिहिताना त्यांनी लिहिलं, 'कादंबरी शृंगारिक आहे, पण अश्लील नाही.' त्यावर एका मित्राने हटकलं, 'शृंगारिक लावणी असते. असल्या पुस्तकाला कामुक म्हणतात.' तर कोणाचं बरोबर?

मित्राचं नाही, हे आधी सांगतो. पण तुमच्याही वाक्याचा उत्तरार्ध मला खटकला. त्याकडे शेवटी येतो.

'कामुक' हा शब्द मराठीत माणसाला चिकटतो. कामुक नजर, कामुक म्हातारा. संस्कृतात त्याचा अर्थ नुसता 'इच्छा असलेला' असाही होता, मराठीत येईपर्यंत ती इच्छा बदनाम झाली. त्यामुळे कादंबरीला कामुक म्हटलं की शिंतोडे वाचणाऱ्यावर उडतात, आणि 'आवडली' म्हणणारा तर आंबटशौकीनच ठरतो. 'कामोत्तेजक' औषधाच्या बाटलीवर शोभतो, 'रतिप्रधान' प्रबंधात. 'चावट' मला प्रिय आहे, पण चावटपणात हसू लागतं. दोन जीव गंभीरपणे एकमेकांत गुंतलेत अशा गोष्टीला चावट म्हणणं म्हणजे त्यांची टिंगल. (रंगांचं एक कोडंच आहे: पुस्तकं पिवळी, सिनेमा ब्लू, आणि म्हातारा हिरवट.)

शृंगाराचा पैस मोठा आहे. पोळ्याला बैल शृंगारतात, गावाकडे त्याचाच शिणगार होतो. नाट्यशास्त्रात शृंगार हा रस, रती त्याचा स्थायीभाव म्हणजे मुळातली भावना, आणि प्रकार दोन: संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनातला आणि विरहातला. शास्त्रातल्या या 'संभोगा'त नुसतं एकमेकांकडे पाहणं, बागेत हिंडणं हेही बसतं. आज तो शब्द आकसून एकाच क्रियेपुरता उरलाय आणि चारचौघांत उच्चारायची चोरी झालीय.

आणि शृंगारिक म्हणजे लावणीच, हे मित्राचं गणित दोन्ही बाजूंनी चुकतं. लावणी भेदिक म्हणजे अध्यात्माची कोडी घालणारीही असते, उपदेशाचीही. उलट शृंगारिक रचना लावणीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. हाल सातवाहन राजाच्या नावावरची गाथासप्तशती, म्हणजे सातशे गाथांचा संग्रह, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातली एक बाई मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते: सासू इथे झोपते, मी इथे. दिवसाउजेडी नीट बघून ठेव. रातांधळ्या, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील! घडलं काहीच नाही, बोलली तीही नाहीच म्हणायची, आणि तरी सगळं सांगून झालं. पुढे काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली.

एक अडचण मात्र खरी आहे. 'शृंगारिक' म्हटलं की मराठी वाचक असा पडदा गृहीत धरतो. आजची इरॉटिक रोमान्स पडदा ओढत नाही, नायक-नायिकेबरोबर वाचकालाही खोलीत घेते. तेव्हा विशेषणावर भागवू नका. 'शृंगारिक कादंबरी, शय्येवरचे प्रसंग मोकळेपणाने आणि तपशिलात' असं लिहिलं की ज्याला वाचायचं तो वाचेल, ज्याला नको तो टाळेल.

आता 'अश्लील'. या शब्दाचं नातं 'श्री'शी सांगतात: ज्याला श्री नाही, कळा नाही ते. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाशात हा काव्यदोष आहे आणि तो तीन प्रकारचा: व्रीडा म्हणजे लाज आणणारा, जुगुप्सा म्हणजे किळस आणणारा, आणि अमंगल सुचवणारा. मराठीत सांगायचं तर एक 'इश्श', दुसरा 'शी', तिसरा 'शुभ बोल नाऱ्या'. बांगडी फुटली न म्हणता 'वाढवली' म्हणतात ते तिसऱ्याच्याच धास्तीने. पुढे पहिला प्रकार तेवढा उरला आणि त्याला कायद्याचं कलम चिकटलं.

मराठीत त्याचे चटके कमी बसलेले नाहीत. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या लैंगिक शिक्षणाच्या मासिकापायी खटले झाले, 1934 मध्ये डॉ. आंबेडकर कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आलेली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1969 मध्ये काकोडकर सुटले. अश्लीलतेची कल्पना देशोदेशी आणि काळाप्रमाणे बदलते, असं त्या निकालातच म्हटलं आहे. एका मराठी दिवाळी अंकातल्या गोष्टीवरून हे लिहिलं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून 'पण अश्लील नाही' हे शेपूट काढून टाका. कोणी आरोप केलेला नसताना तुम्ही जामीन मागताय. 'पण'मुळे तर शृंगार हाच गुन्हा आणि हे पुस्तक त्याला अपवाद, असा सूर लागतो.

आमच्या गावच्या वाचनालयात खाकी कव्हर घातलेली एक जुनी कादंबरी होती. हातात घेतली की ती आपोआप त्याच पानावर उघडायची, शिवण तिथेच सैल झालेली. त्या पानाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शी!' आणि खाली दुसऱ्या अक्षरात: 'मग पुढचं पान का दुमडलंस?' तो 'शी' जुगुप्सेचा की व्रीडेचा, हे मम्मटाला विचारायला हवं होतं. माझ्या मते लिहायचं होतं 'इश्श'.