नको म्हणणाऱ्याचं आधी ऐक

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. पोप फ्रान्सिस यांचं चित्र कागदावर रंगवून रोममधल्या बोर्गो भागातल्या एखाद्या भिंतीवर चिकटवायचं तुमच्या गटाने ठरवलं. तुझ्याच वर्गातला तो मुलगा, जो दर रविवारी त्रिनिता देई पेल्लेग्रिनी या चर्चमध्ये जुन्या लॅटिन मिस्साला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॅटिन उपासनेला जातो, त्याने तोंडावर सांगितलं की हे करू नका. बाकीचे हसले. तू हसली नाहीस, पण तुला उत्तरही देता आलं नाही. आणि आता मला विचारतेस, 'सर, मी कोणाच्या बाजूची?'

बाजूचं नंतर बघू. तुमच्या गटाला काय वाटतं यावर तू दोन पानं लिहिलीस आणि त्या मुलाचं म्हणणं चार ओळींत उरकलंस. मला राग आलाय तो याचा. नको म्हणणाऱ्याचं आधी ऐकायचं असतं, आणि पूर्ण ऐकायचं असतं. वर्गात हे मी इतक्यांदा बोललोय की तुम्ही मुलं त्याची नक्कल करायचात. तरी परत सांगतो, कारण भिंतीवर चित्र काढणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या मौरो पालोत्ताचं, म्हणजे तुमच्या माउपालचं, २०१४ च्या जानेवारीतलं चित्र घे. व्हॅटिकनला लागून असलेल्या बोर्गोतल्या भिंतीवर एका रात्रीत कागद चिकटला. पांढऱ्या झग्यातले पोप, एक मूठ पुढे करून सुपरमॅनसारखे उडताहेत. दुसऱ्या हातात काळी बॅग, तिच्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलंय 'व्हालोरेस', म्हणजे मूल्यं. बॅगेतून सान लोरेन्झो या त्यांच्या आवडत्या फुटबॉल क्लबचा लाल-निळा मफलर डोकावतोय. जग खूश झालं. व्हॅटिकनच्याच संपर्क विभागाने त्याचा फोटो ट्विटरवर टाकला. पालिकेच्या माणसांनी काही दिवसांत कागद खरवडून काढला. लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतले आणि पुढे गेले. त्यातल्या किती जणांनी बॅगेकडे नीट बघितलं असेल?

परंपरावादी कॅथलिकांनी, म्हणजे त्या मुलासारख्या जुन्या पद्धतीच्या लोकांनी, बघितलं असतं. ते बघतातच. राग आला की माणूस चित्र बारकाईने बघतो, आणि चाहता बहुतेक वेळा बघतच नाही. त्यांचा आक्षेप काय, तो त्या मुलाकडून समजून घ्यायला हवा होतास, पण मी थोडा सांगतो. सुपरहिरो स्वतःच्या बळावर जग बदलतो. पोपने तसं करायचं नसतं. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेने, पोपला केवढा मोठा अधिकार दिला, पण त्याच दस्तऐवजात हेही लिहिलं की पेत्राच्या वारसांना, म्हणजे पोपना, पवित्र आत्मा दिला आहे तो नवी शिकवण काढायला नव्हे, तर प्रेषितांकडून आलेला श्रद्धेचा ठेवा पवित्रपणे राखायला. पोप हा राखणदार आहे. त्याला उडताना दाखवलं की आसनाचं, म्हणजे पोपपदाचं, महत्त्व संपतं आणि माणसाचं सुरू होतं. दुसरं म्हणजे बॅगेत मूल्यं आहेत. मूल्यं कोणाचीही असू शकतात, कुठल्याही सज्जन माणसाची. श्रद्धा कुठे आहे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आहे का?

आता पुढचं ऐक. त्याच वर्षी मार्चमध्ये 'कोरिएरे देल्ला सेरा'ला दिलेल्या मुलाखतीत खुद्द फ्रान्सिस म्हणाले की पोपला एक प्रकारचा सुपरमॅन, एक प्रकारचा स्टार म्हणून रंगवणं आपल्याला अपमानकारक वाटतं. पोप हसतो, रडतो, शांत झोपतो, त्याला सगळ्यांसारखे मित्र असतात, तो साधा माणूस आहे. प्रत्येक आदर्शीकरणात एक आक्रमण दडलेलं असतं, हे फ्रॉइडचं म्हणणंही त्यांनी सांगितलं. म्हणजे ज्यांना फ्रान्सिस फारसे आवडत नव्हते ते आणि स्वतः फ्रान्सिस, या एका बाबतीत जवळजवळ शेजारी उभे होते. तुमच्या गटात जे हसले त्यांना हे ठाऊक होतं का?

तू लिहितेस, 'पण सर, तो मुलगा मुळात फ्रान्सिसच्या विरोधातच आहे.' असेल. कशामुळे, हे विचारलंस का? २००७ साली पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्साला मोकळीक दिली. १६ जुलै २०२१ ला फ्रान्सिस यांनी ती बरीचशी काढून घेतली. त्याच्या चर्चमधल्या धर्मगुरूंच्या संघाला पुढे २०२२ मध्ये जुनी पद्धत चालू ठेवायची मुभा मिळाली, पण मधले महिने त्या लोकांनी कसे काढले असतील? त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक चित्राबद्दलची आहे, दुसरी दुखावलेपणाची. त्या वेगळ्या करणं तुझं काम आहे. दुखावलेपण दिसलं म्हणून चित्राबद्दलचं म्हणणं खोटं ठरत नाही.

मी या बाबतीत हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या वसईत मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा मी लहान होतो. मला ती मराठीतलीच हवी. माझी सगळी प्रार्थना मराठीत आहे आणि ती दुसऱ्या कुठल्या भाषेत होणार नाही. पण माझ्या आजीला लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती. अर्थ माहीत नव्हता, तरी एक अक्षर चुकायचं नाही. नवी मिस्सा सुरू झाल्यावर ती मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली, ती शेवटपर्यंत. बदल बरोबर होता. तरीही तिच्याशेजारी बसून 'तुमचं काय गेलं?' एवढं विचारायला कोणाकडे वेळ नव्हता. या गोष्टीची हळहळ मला अजून आहे. म्हणून तुझ्या वयाचा एक मुलगा परक्या शहरात तुला 'नको' म्हणतो आणि तुझा गट हसतो, तेव्हा मला शांत राहता येत नाही.

रस्त्यावरची भिंत फक्त तुमचीच आहे असंही समजू नकोस. फेब्रुवारी २०१७ मध्ये रोमभर फ्रान्सिस यांचा कपाळाला आठ्या घातलेला फोटो असलेली पोस्टरं लागली. खाली रोमच्या बोलीत लिहिलं होतं: धर्मगुरू काढलेस, माल्टाच्या (जुन्या कॅथलिक) संघाचं शिर उडवलंस, कार्डिनलांकडे दुर्लक्ष केलंस, मग तुझी दया कुठे आहे? खाली नाव नव्हतं. पालिकेने तीही बेकायदा ठरवून झाकली, माउपालचा कागद काढला तशीच. त्याच वर्षी मे महिन्यात टीव्हीबॉय या रस्त्यावरच्या चित्रकाराने पोप आणि ट्रम्प यांचं चुंबन भिंतीवर लावलं. तेही उतरवलं. रोममध्ये हे नवं नाही. १५०१ मध्ये पास्क्विनोचा पुतळा चौकात उभा राहिला तेव्हापासून लोक पोपांविरुद्धची कवनं त्याला चिकटवत आलेत. भिंतीवर सगळेच येतात. तू तिथे गेलीस की तुलाही उलट उत्तर मिळणार, आणि ते मिळायलाच हवं.

तू जीर्णोद्धार शिकतेस, म्हणून व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं उदाहरण देतो. मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याया'तल्या नग्न देहांवर आक्षेप आले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांत अशोभनीय काही असू नये असं ठरवलं आणि मायकेलअँजेलो गेल्यावर दानिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराने त्या देहांवर वस्त्रं रंगवली. शतकानुशतकं त्याची टवाळी झाली. पण १९९० ते ९४ मध्ये भिंत साफ झाली तेव्हा नंतरच्या काळात चढवलेली बरीच वस्त्रं काढली गेली आणि दानिएलेची बहुतेक ठेवली गेली. तीही आता त्या भिंतीचाच भाग आहेत. ती वस्त्रं मला आवडत नाहीत, साफ सांगतो. मायकेलअँजेलोचं काही झाकावं असं मला कधीही वाटणार नाही. पण ती खरवडून टाकावीत असंही मी म्हणणार नाही. तुझ्या हातात उद्या स्काल्पेल असेल, तेव्हा याचा विचार तुला माझ्यापेक्षा जास्त करावा लागेल.

आता माझं. तुला ठाऊक नाही, कारण तू तेव्हा जन्मली नव्हतीस. एका गावातल्या सभागृहात मी मोठं भिंतीचित्र केलं होतं, संतांची रांग. त्या रांगेत मी गावच्या एका दिवंगत फादरांना घेतलं. लोकांचा त्यांच्यावर जीव होता. सगळ्यांना आवडलं. एक म्हातारे काका मात्र रोज संध्याकाळी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, 'ते पुण्यवान होते, पण ते संत आहेत असं ख्रिस्तसभेने अजून सांगितलेलं नाही. तू कोण सांगणारा?' मी शिडीवरून उतरून त्यांच्याशेजारी बसायला लागलो. बऱ्याच संध्याकाळी गेल्या. मग मी फादरांना रांगेतून काढलं आणि खाली, गावकऱ्यांच्या गर्दीत, गुडघे टेकलेले असे रंगवले. माझे चित्रकार मित्र म्हणाले, घाबरला. आजही काही जण म्हणतात. मी घाबरलो नव्हतो. काकांच्या हातात ना पैसे होते ना सत्ता. मी ते बदललं कारण खाली आल्यावर फादर पहिल्यांदा फादरांसारखे दिसले. आयुष्यभर ते आमच्यात गुडघे टेकूनच होते, रांगेत कधीच नव्हते. काकांनी ते माझ्याआधी बघितलं होतं. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही तसंच करेन. ते चित्र आज नाही. पुढे सभागृह नवं झालं, कोणाला न विचारता चुना फिरला, आणि काका त्याआधीच गेले. माझ्याकडे त्याचा फोटोसुद्धा नाही.

म्हणून मला माउपालचं ते दुसरं चित्र इतकं महत्त्वाचं वाटतं. २०२४ च्या ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळासाठी त्याने व्हॅटिकनच्याच एका विभागाबरोबर काम केलं. फ्रान्सिस वाळवंटातून हातगाडी ढकलताहेत, वाटेत खिळे पसरलेत आणि गाडीत एक पोतं आहे. पोत्यावर लिहिलंय 'फेदे', श्रद्धा. दहा वर्षांपूर्वी उडणारे पोप जमिनीवर आले आणि बॅगेतल्या मूल्यांच्या जागी श्रद्धा आली. चित्रकाराच्या मनात काय होतं त्याबद्दल मी बोलत नाही. पण पहिल्या चित्रावर त्या मुलाने जे विचारलं असतं, त्याचं उत्तर या दुसऱ्या चित्रात आहे. तू दोन्ही शेजारी ठेवून बघ. जमलं तर त्यालाही दाखव.

तू म्हणशील, ऐकत बसलो तर चित्र कधी काढायचं? काढ ना. मी न काढण्याबद्दल बोलतच नाहीये. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे तुला वेगळं सांगायला लागू नये. काकांनी आणखी एक मागितलं होतं, की भिंतीवर साधी माणसं नकोतच. ते मी ऐकलं आणि साफ नाकारलं. माझ्या भिंतीवर कोळी होते, भाजीवाल्या होत्या, शाळेची मुलं होती. काका रागावले, तरी रोज येत राहिले.

तर आता असं कर. गटाला सांग, आठवडाभर थांबा. त्या मुलाला कॉफीला बोलाव, पण वाद घालायला नको. स्केच समोर ठेव आणि त्याला बोलू दे. पोप तुला कुठे दिसतात, कोणाच्या शेजारी, काय करताना, हे विचार. आसनाबद्दल विचार. जमलं तर त्याच्याबरोबर एकदा त्रिनितात जा, शेवटच्या बाकावर बस आणि बाहेर आल्यावर लगेच काही बोलू नकोस. त्याने काढूच नका म्हटलं तर त्याचंही कारण विचार. फ्रान्सिस आता नाहीत, एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. गेलेल्या माणसाचं चित्र काढताना त्याने स्वतः काय नको म्हटलं होतं हे विसरू नये, हे तर तुला पटेल.

आणि मला पुढचं पत्र लिहिशील त्यात आधी त्याचं म्हणणं लिही, त्याच्या शब्दांत, तुझ्या उत्तराशिवाय. चार ओळी नकोत. स्केच त्याच्याखाली जोड. मग रंगांबद्दल बोलू.

तुझे सर