चेंडू ‘सुटला’ की ‘सोडला’?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, तेथील फुटबॉलचा सामना घरच्या वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून सांगताना ‘लूज बॉल’ आणि ‘फम्बल’ या दोन शब्दांपाशी ते अडतात. दोन्हींसाठी ‘सैल चेंडू’ म्हटले तर चालेल का? माझ्या मते ‘सैल’ चालणार नाही आणि दोन्हींसाठी एकच शब्द तर मुळीच चालणार नाही.

‘सैल’ हे विशेषण आपण गाठीला, पट्ट्याला, अंगावरच्या कपड्याला लावतो. जी वस्तू घट्ट बसायला हवी होती ती तशी बसलेली नाही, पण अजून जागेवरच आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून खेळाडूची पकड सैल होऊ शकते, चेंडू सैल होत नाही. ‘सुटा’ हा शब्दही जवळचा वाटतो, परंतु सुटे पैसे, सुटे भाग, सुटी फुले या प्रयोगांत एखाद्या संचातून किंवा माळेतून वेगळे असल्याचा भाव आहे, आणि चेंडू तर मैदानावर एकच असतो. नियमांच्या भाषेत जो चेंडू खेळात आहे पण कोणत्याही खेळाडूच्या ताब्यात नाही, तो ‘लूज बॉल’. मग तो हातातून पडलेला असो, लाथेने उडवलेला असो किंवा फेकलेला आणि अजून हवेत असलेला असो. इतक्या व्यापक अर्थाला ‘मोकळा चेंडू’ हा शब्द मला योग्य वाटतो, कारण चेंडू मोकळा कसा झाला याविषयी तो काहीच सांगत नाही. ‘फम्बल’मध्ये, म्हणजे ताब्यातला चेंडू खेळाडू गमावतो तेव्हा, मात्र नेमके तेच सांगायचे असते, आणि तेथे मराठीचे ‘सुटणे’ हे क्रियापद फार मोलाचे आहे.

तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, फिटणे–फेडणे या जोड्यांप्रमाणेच सुटणे–सोडणे ही जोडी आहे. पहिले क्रियापद घडलेली गोष्ट सांगते, दुसरे ती करणाऱ्याकडे बोट दाखवते. ‘माझ्या हातून बशी फुटली’ आणि ‘मी बशी फोडली’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. या ‘हातून’मध्ये हेतू नसल्याची कबुली आपोआप येते, म्हणून ‘फम्बल’साठी ‘हातून चेंडू सुटणे’ हाच प्रयोग मी सुचवीन. त्यासाठी वेगळे नाम घडवण्याची गरज नाही. ‘सूट’ म्हटले तर वाचक दुकानातल्या सवलतीकडे जाईल. ‘निसटणे’ मी टाळीन, कारण कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पकडीतून निसटतो तेव्हा ते त्याचे कौशल्य असते, आणि चेंडूला असे कर्तृत्व देणे विचित्र वाटते.

हा भेद किती नाजूक आहे, हे १० सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगो येथे झालेल्या सामन्यात दिसते. ओकलंड रेडर्स १४–२० असे मागे होते आणि केवळ दहा सेकंद उरली होती. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) केन स्टेबलर प्रतिस्पर्ध्याच्या मिठीत सापडला असताना चेंडू त्याच्या हातातून पुढे गेला, पीट बॅनझॅक या सहकाऱ्याच्या हाताने आणखी पुढे ढकलला गेला आणि शेवटी डेव्ह कॅस्परने तो गोलक्षेत्रात अंगाखाली घेतला. पंचांनी चेंडू ‘सुटला’ असे मानून गुण दिले आणि रेडर्स २१–२० असे जिंकले. पुढे स्टेबलरने स्वतःच मान्य केले की चेंडू त्याने मुद्दाम सोडला होता. त्यानंतर नियमच बदलला: सामन्याच्या कोणत्याही अर्ध्या भागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत किंवा संघाला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यात सुटलेला चेंडू त्या संघापैकी ज्याच्या हातून सुटला त्यालाच पुढे नेता येतो. पंचांनी खेळाडूच्या मनात शिरण्यापेक्षा हे बरे, असे मलाही वाटते.

याहून चमत्कारिक निर्णय १९ जानेवारी २००२ चा. मॅसॅच्युसेट्समधील फॉक्सबरो येथे भर बर्फात सामना चालू होता. रेडर्स १३–१० असे पुढे होते आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीने फेकण्यासाठी हात पुढे नेला, मग विचार बदलून तो चेंडू अंगाशी घेऊ लागला आणि त्याच क्षणी रेडर्सच्या चार्ल्स वुडसनच्या धडकेने चेंडू खाली पडला. रेडर्सच्याच ग्रेग बीकर्टने त्यावर झडप घातली आणि सामना संपल्यात जमा झाला. परंतु मुख्य पंच वॉल्ट कोलमन यांनी चित्रफीत पाहून निर्णय फिरवला. हात हेतुपूर्वक पुढे गेला की फेक सुरू झाली, आणि चेंडू पुन्हा अंगाशी घेताना हातून गेला तरी ती फेकच, असा १९९९ पासूनचा ‘टक रूल’ नावाचा नियम होता. त्यामुळे चेंडू पेट्रियट्सकडेच राहिला, अ‍ॅडम विनातिएरीने ४५ यार्डांवरून चेंडू लाथेने मारून बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत पेट्रियट्स १६–१३ असे जिंकले. हा नियम २०१३ मध्ये रद्द झाला.

त्या नियमाच्या नावातल्या ‘टक’ला कोशात पाहून ‘खोचणे’ लिहू नये. पदर खोचतात, चेंडू बगलेत घेतात किंवा छातीशी धरतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. क्रिकेटच्या बातम्यांत ‘त्याने झेल सोडला’ असे सर्रास लिहितात आणि तो मुद्दाम सोडला असे कोणीच समजत नाही. तेथे ‘सोडणे’ हेतू दाखवत नाही, दोष देते. म्हणून १९७८ च्या प्रसंगात नुसते ‘सोडला’ न म्हणता ‘मुद्दाम सोडला’ म्हणावे. २००२ चा निर्णय घरी सांगताना ‘चेंडू हातून सुटला होता, पण नियमाने तो फेकलेला मानला’ असे वाक्य पुरेल. येथे ‘फेकलेला धरला’ असेही व्याकरणाला मान्य आहे, परंतु चेंडूविषयी बोलताना ‘धरला’ म्हटले की ऐकणाऱ्याला तो कोणीतरी हातात पकडला असेच वाटेल, म्हणून ‘मानला’च बरे.