रिमोट टेलिस्कोप शिकायचाय? इथून सुरू कर

अरे, इंटरनेटवरून दूरचा टेलिस्कोप चालवायला पैसे भरून टाइम घ्यायची घाई नको करूस. आधी अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोल केंद्राची मायक्रोऑब्झर्व्हेटरी वापर, फुकट आहे, ६ इंची टेलिस्कोप ॲरिझोनात बसवलेत, आपल्याकडे सकाळचे १० म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. टार्गेट आणि एक्सपोजर (किती वेळ प्रकाश टिपायचा ते) निवडून रिक्वेस्ट टाकायची, फोटो ईमेलवर येतो.

पण नुसता फोटो बघून थांबू नकोस, फिट्स फाइल उतरवून घे, खरा डेटा त्यातच असतो, प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला त्याचा आकडा. हात जरा बसला की हॅट-पी-३२बी हा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह घे, ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश जेमतेम २ टक्के उतरतो, पण शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघितलंस की वेळेनुसार प्रकाशाच्या ग्राफमधे तो खड्डा दिसतो आणि काय भारी वाटतं! फक्त जुलै-ऑगस्ट टाळ, तिकडेही पावसाळा असतो.