पोरगं सोंग करतंय का?

‘रात्री धडधाकट होता, पहाटे हातपाय उचलेनात, संध्याकाळी पुन्हा उभा. मग सोंगच ना?’ चोपडा-यावलकडून येणारे आईबाप हे मला पुन्हा पुन्हा विचारतात.

हा बारावीचा मुलगा, घर केळीवाल्याचं. बहिणीच्या लग्नात दिवसभर धावपळ, रात्री वरण-बट्टी अन् जिलेबी. पहाटे पाय गेले. गावात ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर हातही गेले. पुढे रक्तात पोटॅशियम 2.3, म्हणजे फारच कमी, निघालं. निदान झालं हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरॅलिसिस, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घसरून अधूनमधून हातपाय लुळे पडणं.

वडील म्हणाले, “घरात केळीचे घड लोळतात, अन् याच्यात पोटॅशियम कमी?”

“अंगात कमी नाही आबा, ते रक्तातून पेशीत गेलं. स्नायूच्या पेशीला क्षारांची दारं असतात. याची दारं जन्मतः गळकी. गोड अन् पिठूळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं, पोटॅशियम आत ओढलं जातं, मग स्नायू चालूच होत नाही. विहिरीत पाणी, तारेत वीज, पण स्टार्टर पकडत नाही.”

केळ्यावर भिस्त नको. त्यात साखरही असते, आणि या आजाराच्या उलट्या प्रकारात, जिथे रक्तातलं पोटॅशियम वाढतं, केळ्यानं झटका येऊही शकतो.

तिसऱ्या भेटीत मुलगा म्हणाला, “मला सगळं ऐकू येत होतं. बाहेरचं झालं, सोंग करस, सगळं.” या झटक्यात शुद्ध जात नाही. वडील बराच वेळ गप्प बसले. मग खाली बघत म्हणाले, “माझे बी पाय जायचे. पस्तिशीपर्यंत. कोणाले सांगितलं नाही.”

इथेच गाठ सुटली. मुलावर सर्वांत कडक तेच होते, कारण आपलं दुखणं त्यांनी लाज म्हणून दडपलं होतं. घरातला सर्वांत रागीट माणूस आधी ऐकून घ्यावा, हे माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं. दोष एका पालकाकडून येतो, प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. चाळिशीच्या आसपास झटके बहुधा विरळ होतात, त्यात ते बोललेही नाहीत, म्हणून बापाचं घरात कुणाला कळलंच नाही.

तुमच्याकडे असं होत असेल तर झटका चालू असतानाच रक्त आणि ईसीजी करा, नंतर पोटॅशियम नॉर्मल येतं. थायरॉइडही तपासा, ते जास्त चाललं तरी हेच होऊ शकतं. सलाइन लावण्याआधी ‘ग्लुकोज नको’ असं डॉक्टरांना सांगा. पोटॅशियमचं औषध मनानं घेऊ नका, जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट मोठं हॉस्पिटल. रात्रीचं जेवण हलकं ठेवा, अंगमेहनतीनंतर एकदम आडवं होऊ नका.

आणि वही ठेवा: रात्री काय खाल्लं, आदल्या दिवशी किती राबला, किती वाजता पाय गेले, किती तासांनी आले. या घरात ती वही आता आबा लिहितात.