अमेरिकेत कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन, कोकेनसारखाच उत्तेजक अमली पदार्थ) घेणारे कैदी सुटल्यावर लगेच का दगावतात? तुरुंगात सवय तुटून शरीराची जुना डोस सोसण्याची ताकद कमी होणं, हे तर हेरॉइनने होणाऱ्या मृत्यूंचं कारण ना?

हेरॉइनच्या बाबतीत ते मुख्य कारण आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ३०,२३७ सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे १२.७ पट निघाला, आणि ओव्हरडोसने मरण्याचा तब्बल १२९ पट. त्या ओव्हरडोसमध्ये कोकेनही वारंवार सापडलं.

कोकेन आणि मेथ रक्तवाहिन्या आकुंचित करतात, रक्तदाब आणि शरीराचं तापमान चढवतात, हृदयाचे ठोके बिघडवतात. त्यामुळे तरुण माणसालाही हार्ट अटॅक किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, अगदी नेहमीच्याच डोसवर. हेरॉइनवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, यांच्यावर तसा कुठलाही नाही. त्यात आता पावडरीत अनेकदा फेंटानिल (हेरॉइनच्याच गटातला, पण त्याहून कितीतरी जहाल पदार्थ) मिसळलेलं असतं. फक्त कोकेन घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवयच नसते, त्यामुळे थोड्याशा मात्रेतही श्वास थांबू शकतो. म्हणून नॅलोक्सोन जवळ ठेवाच, निदान फेंटानिलवर तरी ते चालतं.

अटकेच्या वेळचा धोका वेगळाच. पोलीस दिसले की काही जण पुडी गिळतात, ती पोटात फुटते आणि कोठडीत झटके येतात. (गिळलंय हे सांगितलं तर गुन्हा वाढेल, म्हणून गप्प बसतात. व्यवस्थेनेच ओढवलेलं मरण म्हणायचं हे!)

ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिलच्या गटातल्या पदार्थांच्या) व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत, पण मेथ-कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेत मंजूर औषध नाही. चाचणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस देण्याची पद्धत सगळ्यात परिणामकारक ठरली आहे, पण सुटलेल्या माणसापर्यंत ती क्वचितच पोहोचते.